रविवारची कोंबडी, शुक्रवारचा अहवाल

रविवारी सकाळी नागपुरातल्या कोणत्याही वस्तीत चिकनच्या दुकानासमोर गर्दी असते. जाळीतली कोंबडी काट्यावर चढते, मान कापून ड्रममध्ये टाकली जाते, गरम पाण्यात बुडवून पिसे काढण्याच्या यंत्रात फिरवली जाते आणि लाकडी ठोकळ्यावर तिचे तुकडे होतात. दहा-पंधरा मिनिटांत पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात. दुपारी सावजी रस्सा ताटात येतो आणि तीनच्या सुमारास घर वामकुक्षीला लागते. आता समजा, त्याच कोंबडीचा एक तुकडा साल्मोनेला या जिवाणूच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत दिला. जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या पद्धतीने पक्के उत्तर हाती यायला शुक्रवार उजाडतो.

थोडक्यात, ताटातली कोंबडी तपासून खाणाऱ्याचा काहीही फायदा नाही. तरीही दूषित अन्नातून त्रास झाल्याची बातमी आली की मागणी एकच होते, ‘नमुने तपासा’. नमुने नेले जातात, अहवाल येतो, तोवर लोक विसरलेले असतात. साल्मोनेलाच्या बाबतीत प्रयोगशाळेचा उपयोग असा घटनेनंतर होत नाही. तो कोंबडी दुकानात पोहोचण्याआधी, शेडमध्ये आणि उबवणी केंद्रात व्हायला हवा. नागपूरकडे त्यासाठी लागणारी माणसे आणि विद्या आहे. नाही ती नियमित तपासणीची व्यवस्था.

हा टायफॉइड नव्हे

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. साल्मोनेला म्हटले की अनेकांना टायफॉइड आठवतो. टायफॉइडचा जिवाणू साल्मोनेलाच्याच कुळातला असला, तरी तो माणसातच राहतो आणि माणसाकडूनच पसरतो. कोंबडीच्या मांसातून किंवा अंड्यातून येणारे एन्टेरिटिडिस आणि टायफिम्युरियम हे त्याचे भाऊबंद वेगळे. ते पोटात गेल्यावर साधारण सहा तास ते सहा दिवसांत ताप, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस बहुधा आठवड्यात बरा होतो. लहान मूल, म्हातारे माणूस, गरोदर स्त्री किंवा कर्करोगाचे उपचार घेणारा रुग्ण यांच्यात मात्र जिवाणू रक्तात उतरू शकतो आणि प्रकरण जिवावर बेतू शकते.

या कुळाला नाव मिळाले ते डॅनियल साल्मन या अमेरिकी पशुवैद्यकावरून. जिवाणू १८८५ मध्ये प्रत्यक्ष वेगळा केला तो त्यांचा सहकारी थिओबाल्ड स्मिथ याने, आणि तोही आजारी डुकरांमधून. म्हणजे या जिवाणूची ओळखच गोठ्यातून आणि खुराड्यातून झाली. आज त्याचे २,६०० हून अधिक उपप्रकार नोंदलेले आहेत.

पाच दिवस का लागतात?

प्रयोगशाळेत २५ ग्रॅम मांस २२५ मिलिलिटर पेप्टोनच्या पाण्यात घालून ३७ अंशांच्या आसपास सुमारे १८ तास ठेवतात. गरम पाणी, थंडी, मीठ यांनी अर्धमेल्या झालेल्या जिवाणूंना सावरायला मिळावे, म्हणून हा पहिला दिवस. तो वाचवायला गेले की असलेला साल्मोनेलाही ‘नाही’ ठरतो. दुसऱ्या दिवशी त्या द्रावाचे थेंब अशा माध्यमांत जातात, जिथे आतड्यांतले इतर जिवाणू दबून जातात आणि साल्मोनेला तग धरतो. त्यातल्या एका माध्यमाचे तापमान मुद्दाम ४१.५ अंश ठेवलेले असते. तिसऱ्या दिवशी त्यातला अंश काचेच्या थाळीतल्या लाल माध्यमावर रेघाटतात. चौथ्या दिवशी काळ्या मध्याचे ठिपके दिसले, तर संशय घ्यायचा. फक्त संशय, कारण सिट्रोबॅक्टरसारखे काही जिवाणूही तसेच काळे ठिपके देतात. म्हणून पाचव्या दिवशी रासायनिक चाचण्या आणि रक्तद्रवाची चाचणी करून खात्री करायची.

इतका वेळ कशासाठी, असे विचारत आता झटपट पद्धती पुढे येतात. पीसीआर हे नाव कोरोनाने घरोघरी पोहोचवले. साल्मोनेलासाठीही ते वापरता येते. या जिवाणूच्या बहुतेक सगळ्या प्रकारांत आढळणारे एक जनुक शोधून काही तासांत उत्तर मिळते. एकाच तापमानावर चालणारी, साध्या यंत्राची ‘लॅम्प’ पद्धतही आहे. गरोदरपणाच्या चाचणीसारख्या दिसणाऱ्या पट्ट्याही बाजारात आहेत.

पण यांच्या मर्यादा लपवून चालणार नाही. पट्टीवर रेघ उमटायला दर मिलिलिटरमागे हजारो जिवाणू लागतात. मांसाच्या तुकड्यावर ते मोजके असू शकतात. म्हणून पहिल्या रात्रीचे पेप्टोनचे पाणी पीसीआरलाही चुकत नाही. पाच दिवसांचे काम दीड-दोन दिवसांवर येते, हा फायदा मोठाच आहे. मात्र पीसीआरला मेलेल्या जिवाणूचे जनुकही सापडू शकते, आणि विष्ठेतल्या काही घटकांमुळे असलेले जनुक हुकूही शकते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पीसीआर ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगते, जिवंत जिवाणू हातात देत नाही. तो थाळीवर वाढल्याशिवाय त्याचा उपप्रकार नीट ठरत नाही, आणि कोणती प्रतिजैविके त्याच्यापुढे हात टेकतात, हेही भरवशाने कळत नाही. तेव्हा झटपट चाचणीने चाळणी लावावी आणि ‘आहे’ म्हटलेला प्रत्येक नमुना थाळीवर वाढवावा, हाच शहाणपणाचा मार्ग.

पाच कोंबड्यांचा हिशेब

पद्धतीइतकाच प्रश्न नमुन्याचा आहे. समजा, एका शेडमधल्या दर दहा कोंबड्यांत एकीच्या आतड्यात साल्मोनेला आहे. तपासणीसाठी पाच कोंबड्या उचलल्या, तर पाचही निरोगी निघण्याची शक्यता शंभरात ५९ इतकी असते. म्हणजे अर्ध्याहून अधिक वेळा दूषित शेडला ‘स्वच्छ’ असा दाखला मिळेल. तीस कोंबड्या तपासल्या, तर ही चूक शंभरात चारवर येते. दुकानातून एक तुकडा नेऊन ‘साल्मोनेला आढळला नाही’ असे जाहीर करणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. शिजणाऱ्या भाताला ती लागू पडते, साल्मोनेलाला नाही.

यावर युरोपने काढलेला तोडगा स्वस्त आणि साधा आहे. तपासणारा माणूस बुटांवर सच्छिद्र कापडी मोजे चढवून शेडभर फिरतो. तुसात मिसळलेली विष्ठा मोज्यांना चिकटते आणि तेच मोजे प्रयोगशाळेत जातात. एका फेरीत हजारो कोंबड्यांचा नमुना मिळतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार ब्रॉयलरच्या कळपाचे असे किमान दोन जोड मोजे कोंबड्या कत्तलीला जाण्याआधीच्या तीन आठवड्यांत तपासले जातात. ब्रॉयलर पाच-सहा आठवडे शेडमध्ये असतो. म्हणजे पाच दिवसांचा अहवाल इथे अजिबात उशिरा येत नाही. दूषित कळप शेवटी कापायचा, शेड रिकामी झाल्यावर नीट निर्जंतुक करायची, पिले कुठून आली ते पाहायचे, हे सगळे त्या अवधीत ठरवता येते. ताटापाशी कुचकामी ठरणारी चाचणी शेडमध्ये कामाची ठरते.

जे कोंबडीला मारते, तेच तपासले जाते

मग आपल्याकडे हे होत का नाही? कोंबडी व्यवसायाला साल्मोनेलाची चाचणी नवी नाही. पिलांना पांढरी हगवण लावणारा पुलोरम आणि मोठ्या कोंबड्यांना मारणारा गॅलिनॅरम हे याच कुळातले. त्यांच्यासाठी एक जुनी, सोपी चाचणी आहे. पांढऱ्या फरशीवर कोंबडीच्या रक्ताचा एक थेंब आणि रंगीत अँटिजेनचा एक थेंब मिसळायचा. दोन मिनिटांत गुठळ्या दिसल्या, तर कोंबडी बाधित. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजनेचा पहिला रोख याच पुलोरमवर होता. पैदाशीच्या कळपांत ही चाचणी आजही वापरली जाते.

गंमत अशी, की पुलोरम आणि गॅलिनॅरम माणसाला क्वचितच त्रास देतात. माणसाला आडवे करणारे एन्टेरिटिडिस आणि टायफिम्युरियम मोठ्या कोंबडीत बहुधा गुपचूप राहतात. ती खाते, पिते, वजन वाढवते आणि वेळेवर विकली जाते. शेतकऱ्याचे एका पैशाचे नुकसान होत नाही. जो आजार मालकाचा तोटा करतो, त्याची चाचणी मालक स्वतःहून करतो. जो आजार गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन फुटतो, त्याची चाचणी करायला कोणालाच घाई नसते. यात शेतकरी वाईट ठरत नाही. नफा-तोटा पाहणे त्याचे कामच आहे. म्हणूनच ही जबाबदारी सरकारने उचलायची असते.

कोंबड्या धडाधड मरतात तेव्हा सरकार हलते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या नष्ट केल्या गेल्या. नागपूरला तर ताजी आठवण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणूचे निदान केले आणि प्राण्यांना दिल्या जाणाऱ्या खाद्याची चर्चा सुरू झाली. वाघ मेला की बातमी होते. साल्मोनेलाने घरातल्या चौघांना जुलाब झाले, तर ‘काहीतरी बाधले’ यापलीकडे नोंदही होत नाही. बहुतेकांच्या शौचाची तपासणीच होत नाही. औषधांच्या दुकानातून दोन गोळ्या आणून विषय संपतो.

उकळल्यावर मरते ना?

यावर नेहमीचा प्रश्न येतो. सावजी रस्सा तासभर रटरटतो, त्यात कोणता जिवाणू वाचणार? उत्तर खरे आहे, कोणताच नाही. मांसाच्या आत ७४ अंश तापमान पोहोचले की साल्मोनेला मरतो. पण रश्शासोबत ताटात कच्चा कांदा असतो, लिंबाची फोड असते आणि वरून भुरभुरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर असते. ज्या पाटीवर आणि ज्या सुरीने चिकन कापले, त्याच पाटीवर कांदा चिरला गेला, तर रस्सा कितीही उकळला तरी जिवाणू ताटात येतोच. नळाखाली चिकन खळखळून धुतले की शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. त्यात नागपूरचा उन्हाळा. पारा ४५ अंशांकडे जात असताना चिकनची पिशवी गाडीच्या डिकीत राहिली, तर जिवाणूंना सुगीचे दिवस. अर्ध्या तासाला दुप्पट असे धरले, तरी चार तासांत एकाचे २५६ होतात.

उकळून न सुटणारा दुसरा प्रश्न प्रतिजैविकांचा आहे. माणसाच्या अखेरच्या उपचारांसाठी राखून ठेवलेले कोलिस्टिन कोंबड्यांच्या वाढीसाठी वापरले जात होते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्य प्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. बंदी योग्यच होती, पण तिचा परिणाम झाला की नाही, हे कशावरून कळणार? कोंबड्यांमधून मिळालेले जिवाणू दरवर्षी तपासले, कोणत्या औषधाला ते दाद देतात याची नोंद ठेवली, तरच. औषधाला न जुमानणारा साल्मोनेला एखाद्या बाळाच्या रक्तात उतरतो, तेव्हा डॉक्टरांच्या हातात काय उरले आहे, हे आधी कुणीतरी शेडमध्ये तपासले होते की नाही, यावर ठरते.

ब्रिटनचा धडा

तपासणीने फरक पडतो का, याचे उत्तर ब्रिटनच्या अंड्यांनी दिले आहे. डिसेंबर १९८८ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतांश अंडी उत्पादनात साल्मोनेला असल्याचे विधान केले. अंड्यांची विक्री कोसळली आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. पण प्रश्न दडपून मिटला नाही. नव्वदच्या दशकात कोंबड्यांचे लसीकरण आणि कळपांची तपासणी यांची सांगड घातली गेली. १९९८ पासून त्या कसोटीला उतरलेल्या अंड्यांवर सिंहाचा शिक्का उमटू लागला. २०१७ मध्ये तिथल्या अन्न मानक संस्थेने सांगितले, की हा शिक्का असलेली अंडी गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी अर्धकच्ची खाल्ली तरी हरकत नाही. घाबरून खाणे सोडण्यापासून निर्धास्त खाण्यापर्यंतचा हा तीस वर्षांचा प्रवास चाचणीच्या बळावर झाला.

भारतातल्या कोंबडी उत्पादकांना याच गोष्टीतल्या पहिल्या भागाची भीती वाटते, आणि ती खोटी नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘चिकनने कोरोना होतो’ या निराधार अफवेने भाव मातीमोल झाले आणि कित्येक शेतकऱ्यांनी कोंबड्या फुकट वाटल्या किंवा पुरल्या. उद्या ‘अमुक तालुक्यातल्या शेडमध्ये साल्मोनेला’ अशी बातमी आली, तर पुन्हा तेच होईल, ही त्यांची धास्ती. म्हणून तपासणीचा पहिला नियम असा असावा, की शेडचा अहवाल आधी शेतकऱ्याला आणि पशुवैद्यकाला मिळेल, सुधारणेसाठी मदत मिळेल, आणि जनतेपुढे जिल्ह्याचे एकत्रित आकडे ठेवले जातील. जो शेतकरी तपासणीला दार उघडतो, त्यालाच शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी कोणी दार उघडणार नाही. खर्चही छोट्या दुकानदारावर टाकता येणार नाही. तो सार्वजनिक आरोग्याचाच खर्च आहे.

नागपूर काय करू शकते

इथे नागपूरची बाजू भक्कम आहे. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून उभे आहे आणि प्राण्यांपासून माणसाला होणाऱ्या आजारांवर तिथे काम चालते. २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली तीही नागपुरातच. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकत्र पाहायचे, ही त्या संस्थेची भूमिका. त्या भूमिकेची परीक्षा घ्यायला साल्मोनेलाइतका सोपा धडा दुसरा नाही.

सुरुवात छोटी असावी. महापालिकेचे दहा झोन आहेत. दर महिन्याला प्रत्येक झोनमधल्या पाच दुकानांतला ठोकळा, सुरा आणि पिसे काढण्याचे यंत्र यांच्यावरून फाया फिरवून नमुने घ्यावेत. वर्षाला सहाशे दुकाने होतात. आजूबाजूच्या तालुक्यांत विक्रीच्या दोन-तीन आठवडे आधी शेडमध्ये मोज्यांची फेरी मारावी. पीसीआरने चाळावे, ‘आहे’ निघालेले थाळीवर वाढवावे, उपप्रकार ठरवण्यासाठी इज्जतनगरच्या राष्ट्रीय साल्मोनेला केंद्राची मदत घ्यावी. हे केंद्र ज्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत आहे, तिची स्थापना १८८९ मध्ये पुण्यात झाली होती, हे महाराष्ट्राने विसरू नये. आणि मेडिकल व मेयोत तीव्र जुलाबाने दाखल होणाऱ्या मुलांच्या शौचातून मिळणारे साल्मोनेला याच यादीशी ताडून पाहावेत. दोन्हीकडे एकच उपप्रकार, औषधांना एकसारखी दाद, असे दिसले तर आजाराची वाट कुठून येते हे कळेल. पशुसंवर्धन, अन्न व औषध प्रशासन, महापालिका आणि रुग्णालये आपापल्या फायली आपापल्या कपाटांत ठेवत राहिली, तर ते कधीच कळणार नाही.

दुकानांसाठी दंडापेक्षा सवय बदलणे महत्त्वाचे. भेगाळलेल्या लाकडी ठोकळ्याऐवजी धुता येणारी पाटी, दर काही तासांनी बदललेले गरम पाणी, कोंबडी कापणाऱ्याने पैशांना हात न लावणे, या गोष्टींना प्रयोगशाळा लागत नाही. त्या झाल्या की नाही, हे मात्र ठोकळ्यावरून फिरवलेला फाया बरोबर सांगतो.

तोवर घरातले नियम घरानेच पाळायचे. चिकन शेवटी विकत घ्यावे आणि थेट घरी आणावे. ते नळाखाली खळखळून धुऊ नये. कांदा, लिंबू आणि सांबार आधी चिरून बाजूला ठेवावा, मग चिकनला हात लावावा. पाटी, सुरी आणि हात साबणाने धुवावेत. एवढे प्रत्येक गृहिणी आणि प्रत्येक आचारी करू शकतो. मात्र घरातल्या स्वच्छतेचा सल्ला देऊन यंत्रणेला मोकळे होता येणार नाही. शेडमध्ये काय चालले आहे, हे ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. ते पाहण्याचे साधन प्रयोगशाळेत आहे, आणि प्रयोगशाळा नागपुरात आहे. फक्त तिचा शुक्रवारचा अहवाल रविवारच्या कोंबडीच्या आधीचा असायला हवा.